टाकून देण्याआधी एक टाका

उसवलेली जीन्स, मंदावलेला पंखा, माळ्यावर साठलेलं सामान... काटकसर रील्समध्ये फार सुंदर दिसते. पण सुई नेमकी कोणाच्या हातात असते?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ नाहीतर कर्वेनगरच्या गल्ल्यांमधून एक चक्कर मारा. परीक्षा संपलेल्या असतात, रूम सोडून डिपॉझिट परत मिळवायची घाई असते आणि दर दुसऱ्या बिल्डिंगच्या गेटपाशी एक ढीग असतो. मूठ तुटलेली बादली, एकाच कानात वाजणारे इअरफोन, चेन बिघडलेली सॅक, झाकण हरवलेली केटल, गादी आणि जीन्स. जीन्स तर हमखास. दोन महिन्यांनी नवी बॅच येते आणि त्याच गल्लीतल्या दुकानांमधून तशीच बादली, तशीच केटल, तशीच गादी नव्यानं विकत घेते. आई-बाबा सोबत असतात, त्यामुळे त्या दिवशी कोणी हिशेब करत नाही. हिशेब सुरू होतो तो वीस तारखेनंतर, मेसचे पैसे भरून झाल्यावर खात्यात तीन आकडी रक्कम उरते तेव्हा.

हा लेख त्या वीस तारखेनंतरच्या दिवसांसाठी आहे.

'काटकसर' हा शब्द आपल्याला आजी-आजोबांचा वाटतो. आपल्या पिढीचा शब्द वेगळा आहे, 'चिंधी'. कटिंग दोघांत घेतली की चिंधी, चार वर्षं जुना फोन वापरला की चिंधी, रिक्षाऐवजी पीएमटीनं आलं की 'किती चिंधीगिरी करशील?' आपण शिवीसारखा वापरतो तो शब्द मुळात कापडाच्या तुकड्याचा आहे. कृष्णाच्या कापलेल्या बोटाला द्रौपदीनं बांधली ती चिंधीच. गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा, चिंधेबुवा म्हणायचे ते अंगावरच्या ठिगळांच्या कपड्यांमुळे. त्यांच्या नावानं आज अमरावतीत विद्यापीठ आहे. ठिगळ म्हटलं की मान खाली घालायची, हे आपल्यात नंतर कधीतरी आलं असावं.

आता गंमत बघा. गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीन्स साध्या जीन्सपेक्षा महाग मिळते. 'व्हिजिबल मेंडिंग' नावाचा प्रकार सध्या जोरात आहे. म्हणजे काय, तर कपडा दुरुस्त केलाय हे लपवायचं नाही, उलट रंगीत दोऱ्यानं टाके मिरवायचे. त्यात जपानी 'साशिको'ची फार क्रेझ आहे. साशिको म्हणजे जपानच्या खेड्यापाड्यांतला धावदोरा. कापड टिकावं, थंडीत ऊब मिळावी म्हणून थरावर थर ठेवून घातलेले टाके. आमच्याकडे कराड-सांगली भागात याला वाकळ म्हणतात. बाकी महाराष्ट्र गोधडी म्हणतो.

मला हे टाके मिरवणं आवडतं. फक्त एक गोष्ट खटकते. तीन हजारांच्या जीन्सवर फुलाचं ठिगळ लावणाऱ्या मुलीला सगळे 'सो एस्थेटिक' म्हणतात. माझी रूममेट एमपीएससीचा अभ्यास करते. तिच्याकडे बाहेर घालायचे चार कुर्ते आहेत. एखादा काखेत उसवला की ती रात्री बाकीच्या झोपल्यावर शिवायला बसते. दिवसा का नाही, असं विचारलं तर हसून विषय बदलते. हे छापू का, असं विचारल्यावर म्हणाली, छाप, नाव नको. टाका दोघींचाही तोच, दोराही तुळशीबागेतलाच. एकीचं ठिगळ तिची हौस असते आणि दुसरीला तिच्या ठिगळावरून लोक जोखतील अशी भीती असते. कॉलेजात ज्यांच्यावर पैशांची अडचण नाही, त्यांनी ठिगळं लावून बिनधास्त फिरावं असं मला यासाठीच वाटतं. त्यांनी घातलं की बाकीच्यांचं लपवणं थोडं कमी होईल.

तर, शिवायचं काय आणि कसं? सुरुवात जीन्सपासून. जीन्स बहुतेक वेळा मांड्यांच्या मधे जाते, आणि ती एका दिवसात फाटत नाही. आधी विरते. महिन्यातून एकदा धुतलेली जीन्स उजेडासमोर धरून बघा. जिथून उजेड जास्त दिसतो, तिथे भोक पडायच्या आधीच आतून तुकडा लावायचा. तुकडा नव्या कडक कापडाचा नको, जुन्याच जीन्सचा घ्यायचा. नाहीतर तो आजूबाजूचं विरलेलं कापड ओढतो आणि तुकड्याच्या कडेनं नवी फट पडते. तुकड्याचे कोपरे गोल कापा, विरलेल्या भागापेक्षा दोन बोटं मोठा ठेवा आणि बारीक धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घाला. हातानं अर्धा-पाऊण तास लागतो. शिंपी काका मशीनवर पाच मिनिटांत करून देतात आणि तेही स्वस्तात, पण भोक मुठीएवढं झाल्यावर नेलं तर त्यांचाही नाइलाज होतो. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार?

सॅकची चेन बिघडली म्हणून सॅक टाकू नका. बऱ्याचदा चेनचे दात शाबूत असतात, फक्त रनर सैल झालेला असतो. पक्कडीनं रनर दोन्ही बाजूंनी अगदी हलकेच दाबा, चेन पुन्हा धरते. जोर लावलात तर तुटेल. तुटलाच तर चप्पल-बॅग शिवणाऱ्या काकांकडे फक्त रनर बदलून मिळतो. अडकणाऱ्या चेनवरून मेणबत्ती फिरवली तरी फरक पडतो. शर्टाचं बटण लावताना बटण आणि कापड यांच्यामध्ये आगपेटीची काडी ठेवा. टाके घालून झाले की काडी काढून घ्या आणि सैल राहिलेल्या दोऱ्याभोवती तीन-चार वेढे द्या. असा 'देठ' ठेवला की काजाला ताण बसत नाही आणि बटण पुन्हा लवकर निघत नाही.

रफू मात्र हौशी माणसाचं काम नाही. चांगला रफूगार त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो आणि भोकावर उभे-आडवे विणतो. म्हणजे तो ठिगळ लावत नाही, तेवढंच कापड नव्यानं विणतो. लग्नातला कोट, आजीची रेशमी साडी, बाबांची लोकरीची शाल अशा गोष्टी त्याच्याकडेच न्या. तुमच्या गावातल्या जुन्या कापडपेठेत असा एखादा माणूस अजून बसत असेल तर त्याचा पत्ता लिहून ठेवा.

आणि हो, सगळंच दुरुस्त करण्यासारखं नसतं, हेही सांगायला हवं. डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीतला दोन-अडीचशेचा टॉप उसवला आणि अल्टरवाल्यानं साठ-सत्तर रुपये सांगितले, तर मन कचरतंच. पातळ पॉलिस्टर, ताण गेलेली जेगिंग, गोळे आलेलं होजिअरी, यांना टाका धरतच नाही. म्हणून काटकसर खरं तर दुकानातच सुरू होते. कपडा विकत घेण्याआधी उलटा करून आतली शिलाई बघा. आत पुरेसं कापड सोडलंय का? आईच्या ब्लाऊजला आतून दोन-तीन टिपा असतात, वजन वाढलं की एकेक उसवायची. शाळेत आपल्याला 'वाढत्या अंगाचा' युनिफॉर्म शिवायचे, स्कर्टची पट्टी दरवर्षी एकेक इंच खाली यायची. रेडिमेड कपड्यात ही सोय बहुतेक नसते. किंमत कमी असण्याचं एक कारण तिथे आत दडलेलं असतं.

इथपर्यंत वाचताना किती जणांच्या मनात 'हे तर आई करून देते' असं आलं?

माझी आई कराडला घरी फॉल-बिडिंग करते. एका साडीला हातानं फॉल लावायला तिला तास-सव्वा तास लागतो. त्याचे पैसे मिळतात, थोडे का होईना. बाबांच्या शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावणं, भावाच्या ट्रॅकपँटचं इलॅस्टिक बदलणं, उशांचे अभ्रे, पडद्यांच्या पट्ट्या यांचे काहीच मिळत नाहीत. तेही तिथेच, त्याच मशीनवर, गिऱ्हाइकांच्या साड्या संपल्यावर होतं. तुमच्या घरी कदाचित मशीन नसेल, पण बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा असेल आणि तो डबा कुठे आहे हे घरातल्या एकाच व्यक्तीला माहीत असेल. दुकान थाटून बसलेले शिंपी आणि रफूगार बहुतेक पुरुष असतात. तेच काम घरात फुकट करायचं असलं की सुई आपोआप बाईच्या हातात येते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून सुटणाऱ्या एसट्यांमध्ये उसवलेल्या कपड्यांच्या किती पिशव्या असतील, याचा अंदाज कोणीही बांधू शकेल. त्या पिशव्यांमुळे आपले पैसे वाचतात, हे खरं. आईचे रात्रीचे दोन तास जातात, हेही तितकंच खरं. पण त्या दोन तासांना काटकसर म्हणायची पद्धत नाही.

आजीच्या काळात तर याची एक अख्खी साखळी होती. नऊवारी लुगडं आधी सणावाराला नेसायचं, मग घरात. विरायला लागलं की त्याच्या मऊ भागाची बाळासाठी दुपटी आणि लंगोट, कारण इतकं मऊ कापड नवं मिळत नाही. उरलेल्याचे थर वाकळीत जायचे. वाकळ फाटली की त्याचं पायपुसणं, आणि शेवटी पोतेरं. एका कापडाची वीस-पंचवीस वर्षं सहज निघायची. पुण्यातल्या पासोड्या विठोबाचं नावसुद्धा तिथे विकल्या जाणाऱ्या पासोड्यांवरून, म्हणजे जाड पांघरुणांवरून पडलं असं सांगतात. आज हातानं शिवलेली गोधडी ऑनलाइन हजारांत विकली जाते, आणि ती विकत घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. एक मोठी गोधडी हातानं भरायला कित्येक दिवस जातात. खरं तर तीच तिची योग्य किंमत असावी. आजीला ती कधी मिळाली नाही, इतकंच.

म्हणून, मुलग्यांनो, विशेषतः तुम्ही, या सुट्टीत पिशवी आईला देण्याऐवजी तिच्या शेजारी बसा. बटण, रनर, धावदोरा, पट्टी घालणं एवढं शिकायला दोन दुपारी पुरतात.

कपड्यांच्या बाबतीत आपण निदान आईवर तरी सोडतो. विजेवर चालणाऱ्या गोष्टींच्या बाबतीत 'बिघडला, नवा घेऊ' हेच ठरलेलं. रूमवरचा पंखा हळू फिरतो म्हणून टेबलफॅन घेणारे माझ्या ओळखीचे चार जण आहेत. छताचा पंखा मंदावला तर दहापैकी बऱ्याच वेळा दोष कपॅसिटरचा असतो. अंगठ्याएवढा तो भाग शंभर रुपयांच्या आत मिळतो. जुन्यावर जो आकडा छापलेला असतो तोच बघून आणायचा. मात्र हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. गळक्या नळाचा वायसर आणि शिट्टी न होणाऱ्या कुकरचं गॅस्केट यांचीही तीच गोष्ट, किरकोळ किमतीचा भाग बदलला की वस्तू चालू.

लॅपटॉप स्लो झालाय म्हणून बाबांकडे पन्नास हजारांचा विषय काढण्याआधी त्याला आत जुनी हार्ड डिस्क आहे का ते बघा. तिच्या जागी एसएसडी टाकली तर पाच-सहा वर्षांचा लॅपटॉपही प्रोजेक्ट रिपोर्ट, ब्राउझिंग, सिनेमे एवढं आरामात करतो. आतल्या फॅनमधली धूळ काढून घ्या, तापणं कमी होतं. फोनची बॅटरी बदलता येते, पण फुगलेल्या बॅटरीला स्वतः हात लावू नका आणि ती घरच्या कचऱ्यातही टाकू नका, पेट घेऊ शकते. पाणी तापवायचा हीटर रॉड घरी दुरुस्त करायचे प्रयोगही नकोत. तिथे वाचवलेले पैसे महागात पडतील.

दुरुस्ती टाळण्यात दोष फक्त आपला नाही. कंपन्यांनी बॅटऱ्या चिकटवून टाकल्या, सुटे भाग मिळेनासे केले, तर गल्लीतला मेकॅनिक तरी काय करणार? फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंवर 'ही किती सहज दुरुस्त होते' याचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं या चार क्षेत्रांतल्या कंपन्यांची वॉरंटी, सर्व्हिस सेंटर, सुटे भाग यांची माहिती तिथे एकत्र मिळते. सर्व्हिस सेंटरवाला 'याचा पार्ट येत नाही' म्हणाला तर निघण्याआधी एकदा बघून घ्या.

पुनर्वापराबद्दल मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात आपल्या घरांना शिकवण्यासारखं काही नाही. आइस्क्रीमच्या डब्यात कोथिंबीर, डालडाच्या डब्यात तुळस, बोर्नव्हिटाच्या बरणीत तूरडाळ, हे आपण जन्मापासून बघतोय. रील्समधला पुनर्वापर मात्र वेगळाच. एका बाटलीचा पेनस्टँड करायला ग्लू गन, स्प्रे पेंट, लेस आणि मोती विकत आणायचे! शाळेत 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'च्या प्रोजेक्टसाठी दुकानातून नवे आइस्क्रीमच्या काड्यांचे पुडे आणले जायचे, तसलं हे. साधा नियम पुरे: जुन्या वस्तूचा नवा वापर करायला आणखी वस्तू विकत आणाव्या लागल्या, तर तो छंद आहे. छंद करा, पण बचतीत धरू नका. आणि आमच्याच पोटावर पाय येईल अशी एक सूचना, हे पान वाचून झालं की यावर भजी काढू नका. छपाईच्या शाईमुळे अन्न कागदात बांधू नये, असं एफएसएसएआयनं २०२३ मध्ये पुन्हा बजावलंय. खिडकीच्या काचा पुसायला मात्र वर्तमानपत्र एक नंबर.

आता राहिला पसारा. जपानच्या मारी कोंडोचं आवरण्याबद्दलचं पुस्तक २०११ मध्ये आलं, २०१९ मध्ये तिची नेटफ्लिक्स मालिका आली आणि जगभरचे लोक वस्तू हातात घेऊन 'हिच्यामुळे आनंद होतो का' असं विचारू लागले. (तिसऱ्या बाळानंतर आता आपल्याच घरात पसारा असतो, असं तिनंच २०२३ मध्ये सांगून टाकलं. मला ती तेव्हा जास्त आवडली.) आपल्याकडे हा प्रश्न चालत नाही. कुकरच्या जुन्या गॅस्केटमुळे कोणाला आनंद होत नाही, तरी ते माळ्यावर असतं, कारण 'लागेल कधीतरी'. या 'लागेल कधीतरी'ची मला चेष्टा करावीशी वाटत नाही. एखादी वस्तू पुन्हा घ्यायला पैसे असतील की नाही याची खात्री नसलेल्या घरांत ते शहाणपणच होतं. अडचण अशी की, माळ्यावर काय आहे हेच विसरलं, तर गरज पडल्यावर आपण नवं घेऊन येतोच. आमच्या रूमवर एकदा सगळं बाहेर काढलं तेव्हा तीन कात्र्या, पाच एक्स्टेन्शन बोर्ड आणि सात अर्धवट वह्या निघाल्या. राहणाऱ्या तिघी! आवरण्याचा फायदा मला तरी हाच वाटतो, जे आहे ते पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. ज्याबद्दल मन होत नाही ते एका खोक्यात भरायचं, वर तारीख लिहायची आणि पुढच्या सेमिस्टरपर्यंत खोकं उघडावं लागलं नाही तर सोडून द्यायचं.

सोडून द्यायचं म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. 'गरिबांना देऊन टाकू' हे वाक्य आपण फार पटकन म्हणतो. २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून तमिळनाडूत इतके जुने कपडे गेले की नको असलेल्या कपड्यांचे ढीग तसेच पडून राहिले. ते हाताळण्याचं काम 'गूंज'नं केलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही संस्था कपडे भीक म्हणून देत नाही. गावकरी स्वतःच्या गावासाठी विहीर, रस्ता, तळं असं काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे मिळतात. अगदी न वापरण्यासारख्या सुती कापडाचे त्या संस्थेत सॅनिटरी पॅड होतात. द्यायचेच असतील तर धुऊन, बटणं लावून, घडी करून द्या. जे तुम्ही स्वतः घालणार नाही, ते समोरच्याला का चालेल?

पूर्वी दारावर बोहारीण यायची, जुन्या कपड्यांवर पातेलं द्यायची आणि आई तिच्याशी एका चमच्यासाठी पंधरा मिनिटं घासाघीस करायची. बोहारणी अजूनही फिरतात, फक्त सोसायटीचे वॉचमन त्यांना गेटच्या आत सोडत नाहीत. सोडायला सांगा. त्या नेलेले कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुनं सामानही गोळा करते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात तर स्क्रूपासून सूटकेसपर्यंत सगळं विकता आणि विकत घेता येतं, भाव करायची तयारी हवी. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आहेच. आणि बादली, गादी, केटल यांच्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तुमच्याच कोर्सचे ज्युनिअर. रूम सोडायच्या आठवडाभर आधी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर फोटो टाका, निम्म्या किमतीत जातं.

शेवटी, सुई-दोऱ्याचा डबा. तुळशीबागेत नाहीतर तुमच्या गावातल्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये सगळं मिळेल: सुयांचं एक पाकीट, काळा, पांढरा आणि जीन्सचा निळा असे तीन रिळं दोरे, शर्टाची सहा बटणं, हातभर इलॅस्टिक, चार सेफ्टी पिना, दोन हूक आणि एक छोटी कात्री. कात्री सोडली तर साधारण एका बर्गरच्या पैशात होतं. दोरा ओवायला डोळ्यांना त्रास होत असेल तर पाच-दहा रुपयांचं ओवणीचं यंत्रही मागून घ्या. डबा कुठला वापरायचा, हे काही सांगायला नको.